काहूनची बंदीश

१

दर मंगळवारी देवमन तायडे अकोल्याहून निघत, बडनेऱ्याला उतरत आणि ऑटोवाल्याशी भांडत भांडत अमरावतीत पोचत. भांडण ठरलेलं असे. दोघांनाही त्यात नवीन काही सांगण्यासारखं उरलं नव्हतं. पण त्यानं घसा मोकळा व्हायचा, आणि तायडे घशावरच जगत होते.

एका शिक्षणसंस्थेच्या छोट्या रेडिओ केंद्रावर ते शास्त्रीय संगीताचा सकाळचा कार्यक्रम सादर करत. मंगळवारी बसून आठवड्याभराचं निवेदन ध्वनिमुद्रित करायचं आणि उरलेला आठवडा अकोल्यात मोबाइलवर आपलाच आवाज ऐकत चहा प्यायचा, असा त्यांचा क्रम होता. श्रोते थोडे होते, पण चिवट होते. त्यातले बरेचसे निवृत्त होते आणि चूक सापडली की लगेच फोन करत.

तरुणपणी तायडे संगीतकार होते. होते, म्हणजे त्यांचं तसं म्हणणं होतं. त्यांनी नाटकमंडळ्यांना चाली दिल्या, भीमजयंतीला गाणी बसवली, आणि चाळीसेक बंदिशी बांधल्या, ज्या कोणी गायल्या नाहीत. स्वतः गाव्यात, तर त्यांचा गाता आवाज पावसात फुगलेल्या दारासारखा होता, ढकलल्याशिवाय हलत नसे. बोलता आवाज मात्र लोण्यासारखा. रेडिओवर संगीतकार म्हणून चाचणी द्यायला गेले, तेव्हा परीक्षकांनी बंदीश अर्ध्यात थांबवली आणि म्हणाले, "तायडे, तुम्ही गाऊ नका. गाण्याबद्दल बोला." तेव्हापासून ते बोलत होते. ही बंदीश अमुकांची, ही तमुकांची. ज्याचा कर्ता माहीत नसे, तिला म्हणायचं 'पारंपरिक'. इतकी वर्षं दुसऱ्यांची नावं घेऊन घेऊन त्यांची जीभ गुळगुळीत झाली होती, आणि आतून ते पार कडू झाले होते.

निवेदकानं स्वतःची रचना वाजवायची नाही, असा केंद्राचा नियम होता. आधीच्या निवेदकानं गुढीपाडव्यापासून दिवाळीपर्यंत स्वतःचीच भजनं लावली होती. श्रोते घाबरले होते. त्यातून तो नियम आला.

पण यंदा केंद्राचा वर्धापनदिन जवळ आला होता, आणि केंद्राच्या प्रमुख पौर्णिमाताई विरघळल्या होत्या.

"एक बंदीश, तायडे सर. तुमची. तुमच्या नावानं. रचना देवमन तायडे, असं मी स्वतः सांगेन. फक्त गायचीही तुम्हीच. दुसरं कोणी तयार होईल असं वाटत नाही."

तायड्यांना रात्रभर झोप आली नाही. कोणती बंदीश, हा प्रश्नच नव्हता. जौनपुरीतली, तीन तालातली: 'काहून मूंद लियो किवार, मैं ठाडी अंगना'. का रे दार लावून घेतलंस, मी अंगणात उभी आहे. आयुष्यात पहिल्यांदा चाल आणि शब्द एकाच वेळी आले होते, जुळ्यांसारखे. तेव्हा ते ती आपल्या गाण्याच्या गुरूंना, खापरे गुरुजींना, ऐकवायला गेले होते. गुरुजींनी डोळे मिटून ऐकलं आणि डोळे न उघडताच विचारलं,

"राधा अकोटच्या बाजारात सरकी विकून राहिली का, तायडे?"

"काहून, गुरुजी?"

"हेच. काहून. ब्रज भाषेत काहून नसते, बाबू. काहे असते. काहे!"

तायडे तेव्हा तरुण होते, म्हणजे हट्टी होते. त्यांनी शब्द बदलला नाही. पण मन इतकं उतरलं, की पुढचा अंतरा बांधलाच नाही. बंदीश नुसत्या स्थायीवर, म्हणजे पहिल्या भागावर, तशीच राहिली. गुरुजी जाऊन जमाना झाला. ती बंदीश गुरुजींनी ऐकली होती आणि नवऱ्याचं ऐकून घेणं भाग म्हणून वच्छलाबाईंनी. तिसरं कोणी नाही. जौनपुरीच्या बंदिशी शेकड्यांनी असतील, पण ब्रज भाषेत वऱ्हाडी 'काहून' घालण्याची चूक करणारा माणूस एकच होता. ती चूक हीच त्यांची सही होती.

२

वर्धापनदिनाच्या निमित्तानं केंद्रानं लोकांकडून जुन्या ग्रामोफोन तबकड्या मागवल्या होत्या. नितेश नावाचा तंत्रज्ञ त्या संगणकात उतरवून घेत होता. बऱ्याच तबकड्यांवर लग्नाच्या बँडचं वादन निघालं.

"सर, ही एक पाहा," नितेश म्हणाला. "परतवाड्याहून आली. वरचा कागद पार गेलेला आहे. गाणारी बाई कोण, काही समजून नाही राहिलं. तुम्ही ऐकून राग सांगा, म्हणजे निवेदनात घेता येईन."

तायड्यांनी हेडफोन लावले. आधी खरखर. मग पेटीचा सूर आणि जुन्या वळणाचा, उंच, थोडा नाकातला बाईचा आवाज. कर्ण्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन गायलेला. जौनपुरी, हे तायड्यांनी दुसऱ्या सुराला ओळखलं आणि बोट वर करून नितेशला खूण केली.

ते बोट तसंच वर राहिलं.

काहून मूंद लियो किवार.

त्यांनी पुन्हा ऐकलं. पुन्हा ऐकलं. समेवर येण्याआधी 'किवार'वर घेतलेला हेलकावा, जो घेताना ते नेहमी डावा खांदा उडवत, तोही तिथं होता. स्थायी दोनदा म्हणून बाई थांबली, आणि पुढे नुसती खरखर.

"कोणी दिली ही?" तायडे ओरडले. हेडफोन कानावर असल्यामुळे जरा जास्तच ओरडले. "चोरी आहे ही! सरळ चोरी!"

"कशाची, सर?"

"माझ्या बंदिशीची! ही माझी रचना आहे!"

नितेशनं पडद्याकडे पाहिलं, मग तायड्यांकडे, मग अदबीनं छताकडे. "सर, ही तबकडी तुमच्या जन्माच्या आधीची आहे. अशा तबकड्या बनणं बंद होऊन लय वर्षं झाली. उलट तिलेच म्हणता येईन, की..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. तो बरा मुलगा होता.

"पुढे काय आहे?"

"काईच नाई. स्थायी झाली, की शेवटपर्यंत खरखरच. मी पूर्ण ऐकलं."

ती खरखर तायड्यांनीही शेवटपर्यंत ऐकली. गाण्यापेक्षा ती बरीच लांब होती.

३

"मंग तुमीच कुठं ऐकलं असन, लायनपणी," वच्छलाबाई म्हणाल्या. त्या मेथी निवडत होत्या, आणि मेथी निवडताना त्या कोणाचीही भीड ठेवत नसत.

"कुठं ऐकणार? आमच्या घरी ग्रामोफोन होता का?"

"शेजारी असन. हॉटेलात असन. माणूस ऐकते, इसरते, मंग त्याले वाटते आपल्याच डोक्यातून निंगालं. आमच्या भावानं नाई का सांगतलं, म्या नवीन पद्धतीचं वांग्याचं भरीत काढलं म्हणून? आमची माय जन्मभर तेच करत होती."

"वच्छला, बंदीश म्हणजे भरीत नाही."

"भरताले चव तरी असते."

तायडे उठून पुढच्या खोलीत गेले. रागापेक्षा त्यांना वाईट याचं वाटलं, की बायकोचं म्हणणं पटत होतं. स्मरणशक्ती लबाड असते. अकोल्यातल्या कुठल्याशा हॉटेलात, सात-आठ वर्षांच्या पोरानं, भज्यांच्या वासात ऐकलेली एक ओळ. ती आत जाऊन बसली आणि पंचविशीत बाहेर आली. म्हणजे गुरुजी हसले, ते या बाईच्या 'काहून'ला हसले. म्हणजे आयुष्यभर जिवापाड जपलेली आपली एकमेव चूकसुद्धा दुसऱ्याची.

नाही. हे होऊ द्यायचं नव्हतं. वर्धापनदिनाला पौर्णिमाताई काय सांगणार होत्या? 'रचना पारंपरिक'? एवढी वर्षं थांबून पारंपरिक?

त्यांनी तंबोऱ्याचं यंत्र लावलं. अंतरा बांधायचा. आज, आत्ता. जो अजून झालेलाच नाही, तो कोणत्याही हॉटेलात ऐकलेला असू शकत नाही.

आणि गंमत अशी, की इतकी वर्षं रुसलेला अंतरा समोर येऊन बसला. 'पग थाके, दियरा बुझ्यो'. पाय थकले, दिवा विझला. चाल वर चढली, आणि तिथं तायड्यांनी मुद्दाम एक दुष्टपणा केला. जौनपुरीत धैवत कोमल लागतो. त्यांनी 'बुझ्यो'वर शुद्ध लावला. शाळकरी पोरगंही ही चूक करणार नाही, केली तर मार खाईल. तायडे स्वतःशीच हसले. ये म्हणावं आता.

तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, लांबलचक, संपता न संपणारी. ते 'बुझ्यो'वर थांबले, शिट्टी ओसरू दिली, आणि मग पुढची ओळ उचलली.

काहीही लिहून ठेवलं नाही. कुणाला ऐकवलं नाही. वच्छलाबाईंनी "जेवाले चाला" म्हटल्यावर यंत्र बंद केलं आणि कित्येक वर्षांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

४

पुढच्या मंगळवारी ऑटोवाल्याशी भांडायचं ते विसरले. ऑटोवाला काळजीत पडला आणि त्यानं तब्येत विचारली.

"ती परतवाड्याची लाव," तायडे नितेशला म्हणाले. आवाजात विजय होता. स्थायी असेल तिची, अंतरा माझा. अर्धी तरी बंदीश माझ्या नावावर. अर्धं नाव म्हणजे काही नसणं नव्हे.

खरखर. पेटी. काहून मूंद लियो किवार. दोनदा. मग खरखर यायला हवी होती.

पग थाके, दियरा बुझ्यो.

शुद्ध धैवत लागला. स्वच्छ, ठसठशीत, जराही न लाजता.

आणि बाई थांबली.

'बुझ्यो'वर थांबली. पेटीवाला सूर धरून राहिला. त्या थांबण्याला संगीतात काही अर्थ नव्हता, तिथं थांबायचं काही कारणच नव्हतं. ती नुसती वाट पाहत होती. जेवढा वेळ एखाद्या घरात कुकरची शिट्टी ओसरायला लागतो, तेवढा वेळ ती थांबली आणि मग तिनं पुढची ओळ उचलली.

तायड्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. हळूच ठेवले, झोपलेल्या जनावराला ठेवावं तसे.

"नितेश, मागच्या मंगळवारी इथं अंतरा नव्हता."

"असन ना, सर. फाइल तीच आहे. मी हात नाई लावला."

"तू म्हणालास, नुसती खरखर आहे."

नितेशनं डोकं खाजवलं. "म्हणलो असन. एवढ्या तबकड्या ऐकतो, सर. बँड, भजन, बँड, भजन. माझ्या सोताच्या लग्नात बँड नाई ठेवणार मी." तो हसला, मग तायड्यांचा चेहरा पाहून थांबला. "पाणी आणू?"

तायड्यांनी कारकुनासारखी एकेक शक्यता तपासली. नितेश थापा मारत होता? त्यात त्याचा काय फायदा? घरात कोणी चोरून ऐकलं? वच्छलाबाईंना शुद्ध आणि कोमल यातला फरक फक्त तुपाच्या बाबतीत कळत होता. मग उरलं काय? एकच. आपण लहानपणी ऐकलं होतं तेव्हा सगळंच ऐकलं होतं, स्थायी, अंतरा, चुकीचा धैवत. तेच आता थोडं थोडं वर येत होतं. आपण काही बांधतच नव्हतो, नुसतं आठवत होतो.

पण मग शिट्टी कुणाला आठवत होती?

५

ते उलट्या पावली घरी गेले नाहीत. परतवाड्याची एसटी पकडली. तबकडी ज्यांनी दिली त्या मनकर्णाबाई बाजाराच्या मागच्या गल्लीत राहत. ओसरीवर बसून त्या लोणच्यासाठी कैऱ्या फोडत होत्या आणि पाहुणा आला म्हणून विळा खाली ठेवावा असं त्यांना वाटलं नाही.

"बसा, भाऊ. रेडिओचे का? मंग आमचं नाव सांगान ना रेडिओवर?"

"सांगू. बाई, ती तबकडी कोणाची होती? गाणं कोणाचं आहे तिच्यावर?"

"गाणं?" मनकर्णाबाईंनी कैरीचे दोन तुकडे केले. "तिच्यावर कायचं गाणं! आमच्या सासऱ्यानं कितीदा लावून पाह्यली. नुस्ती खरखर. एक शब्द नाई निंगाला कदी. मंग म्या ते लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवली. चांगलं बसत होतं झाकण."

"आम्ही ऐकलं. बाई गातात तिच्यावर."

"तुमच्या मशिनीत असन कोणी."

मग, का ते तायड्यांनाही कळलं नाही, खालच्या आवाजात त्यांनी स्थायी म्हटली. गाता आवाज नेहमीप्रमाणे अडकला. 'काहून मूंद लियो' एवढंच बाहेर आलं आणि दार फुगून बसलं.

"किवार, मैं ठाडी अंगना," मनकर्णाबाईंनी पुढे म्हटलं. सहज म्हटलं, कैरीवरून नजर न काढता. 'किवार'वर हेलकावा घेतला, आणि घेताना डावा खांदा उडवला.

"हे... हे तुम्हाला कुठून येतं?"

"कोणाले येत नाई? जात्यावर म्हणत होत्या बाया. माही आजी म्हणे, तिची माय म्हणे."

"पण त्यात काहून आहे, बाई. काहे पाहिजे. ब्रज भाषेत काहे असतं."

मनकर्णाबाईंनी पहिल्यांदाच विळा खाली ठेवला आणि तायड्यांकडे नीट पाहिलं. शिकल्यासवरल्या माणसाची कीव करावी तसं पाहिलं.

"आमी इकडं काहूनच म्हणतो, भाऊ. काहे काहून म्हणू?"

याचं उत्तर खापरे गुरुजींनाही सुचलं नसतं.

परतीच्या एसटीत तायडे खिडकीशी बसले. काळ्या मातीची शेतं मागे जात होती. तबकडी कोरी होती, आणि गाणं सगळ्यांना येत होतं. दोन्ही गोष्टी एकाच बाईनं एकाच ओसरीवर सांगितल्या, आणि तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. तायड्यांना राग येत होता, पण तो नेमका कुणावर काढावा ते सापडत नव्हतं. भुताटकीवर रागावायला आधी ती मान्य करावी लागते, आणि एवढी उदारता त्यांच्यात नव्हती. चोर असता तर पोलिसात जाता आलं असतं. इथं ते स्वतः बांधत होते, आणि बांधता बांधता ते जुनं होत होतं.

६

उपाय त्यांना मूर्तिजापूरच्या जवळपास सुचला.

छाप. जुने रचनाकार बंदिशीच्या शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव गुंफतात, त्याला छाप म्हणतात. मग ती बंदीश कोणीही गावो, कुठंही गावो, नाव गावंच लागतं. तायड्यांनी आजवर कधी छाप घातली नव्हती. विनय म्हणून नव्हे. नाव गाणारं कोणी नव्हतं, म्हणून. आता ते घालणार होते. आधी बांधून ठेवायची नाही, मनातही नाही. ध्वनिमुद्रणाच्या वेळी, मायक्रोफोनसमोर, त्याच क्षणी जी येईल ती. ना कुकर, ना मागचा मंगळवार. पाहू म्हणावं आता कोण माझ्याआधी पोचतं.

ध्वनिमुद्रण पुढच्या मंगळवारी दुपारी होतं. पौर्णिमाताई आपलं निवेदन आधीच बोलून ठेवून गेल्या होत्या. तायडे आतल्या खोलीत बसले. भिंतींना तपकिरी जाड कापड, समोर मोठी काच, काचेपलीकडे नितेश. पाठीमागे जड दार, त्याला वीतभर रुंदीची काच. नितेशनं दार ओढून घेतलं, खटका खाली पाडला, जागेवर जाऊन अंगठा वर केला. लाल दिवा लागला.

बंद खोलीत आवाजाला जायला जागा नसते. स्वतःचा श्वाससुद्धा परका वाटतो. तायड्यांनी हे लाखदा अनुभवलं होतं, म्हणून हेडफोनमध्ये एक श्वास ऐकू आला, तेव्हा ते दचकले नाहीत. मग त्यांच्या ध्यानात आलं, की त्यांनी अजून श्वास घेतला नव्हता.

त्यांनी घेतला आणि सुरुवात केली.

आज आवाज अडकला नाही. दार कधी फुगलेलंच नव्हतं, अशी स्थायी निघाली. प्रत्येक ओळीआधी कानात तो दुसरा श्वास येत होता, केसभर आधी, तालमीतल्या गुरूनं शिष्याला उचलून द्यावं तसा. 'पग थाके.' समोरच्या काचेत त्यांना स्वतःचं पुसट प्रतिबिंब दिसत होतं, आणि त्यामागे पाठीमागचं दार, दाराची वीतभर काच.

त्या काचेवर बाहेरून एक तळहात टेकलेला होता.

बाईचा हात. मनगटात बांगड्या. बोटं पसरलेली, काचेवर दाबून पांढरी पडलेली. कोणीतरी आत यायला थांबलं आहे, आरतीबाई असतील, संस्थेत झाडलोट करतात, असं तायड्यांनी स्वतःला समजावलं. आरतीबाईंना लाल दिव्याचा अर्थ माहीत होता, आणि त्या कधी दाराला हात लावत नसत, हेही त्यांना आठवलं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. नितेश मान खाली घालून काटे बघत होता. अंतरा संपत आला. छाप घालायची जागा आली. मनात काही नव्हतं, ठरवल्याप्रमाणे अगदी कोरं.

श्वास आला. आधी तिचा, मग त्यांचा.

"कहत देवमन, अब तो खोलो."

शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना त्यांचा अर्थ कळला.

समेवर येऊन ते थांबले. काचेत पाहिलं. हात नव्हता. दाराची काचही जागेवर दिसत नव्हती, कारण दार बोटभर उघडलं होतं.

"सर!" नितेशचा आवाज हेडफोनमध्ये आला. "दार तुम्ही उघडलं का? बाहेरचा आवाज येईन ना! पण चाललं, सर. एक नंबर झालं. मले वाटलं नव्हतं तुम्ही एवढं गासान."

७

वर्धापनदिनाच्या सकाळी वच्छलाबाईंनी गॅस बंद केला, हात पुसले आणि तायड्यांशेजारी येऊन बसल्या. मोबाइल उशीला टेकवून ठेवला होता. पौर्णिमाताईंचा आवाज आला: "रचना आणि गायन, देवमन तायडे."

"आलं बरं तुमचं नाव," वच्छलाबाई म्हणाल्या. डोळ्यांना पदर लावला आणि मेथीच्या वेळी जे बोलल्या होत्या ते मनातल्या मनात परत घेतलं असावं, कारण त्या चहात साखर जास्त टाकून आल्या.

तो चहा गरम होता तोवर तायडे सुखी होते.

मग फोन आला.

"तायडे सर, अभिनंदन! फोन थांबतच नाहीत. वरूडहून आले, अकोटहून आले. सगळे म्हणतात, आमच्या घरी हे म्हणायचे." पौर्णिमाताई हसल्या. "फक्त एक सांगायला हवं होतंत. श्रोते विचारतात, हा देवमन कोणत्या काळातला?"

"कोणता देवमन?"

"छापेतला. आजच नितेशनं परतवाड्याची तबकडी ऐकवली. तिच्यातही तेच आहे, कहत देवमन. म्हणजे फार जुने रचनाकार असणार. तुम्ही नवी रचना म्हणालात, मी तसं सांगून मोकळी झाले. असो. उद्या दुरुस्ती लावते. रचना देवमन, काळ अज्ञात. गायन देवमन तायडे."

"अहो ताई, तो देवमन मीच!"

मग ताई अगदी मऊ आवाजात बोलल्या. इतका मऊ आवाज त्या कधी काढत नसत. "सर, तुमचं नाव घरच्यांनी त्यांच्यावरूनच ठेवलं असेल का? एका परीनं मानच आहे."

तायड्यांनी फोन ठेवला. मग त्यांनी नितेशला ती तबकडी मोबाइलवर पाठवायला सांगितली. नितेशनं लगेच पाठवली, वर हसरा चेहराही पाठवला.

स्थायी झाली. अंतरा झाला. चुकीचा धैवत, शिट्टीएवढं थांबणं. कहत देवमन, अब तो खोलो. बाईनं ते नाव असं घेतलं, जसं कित्येक वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं घेतात, हळहळ न वाटता, सवयीनं. त्यानंतर खरखर. तायड्यांनी सुस्कारा सोडला. संपलं एकदाचं. घेतलं सगळं, आता आणखी काही द्यायला उरलं नाही.

खरखर मात्र संपत नव्हती. तबकडीचा अजून बराच भाग शिल्लक होता.

त्यांनी कान जवळ नेला. खरखरीला ताल होता, तीन ताल, आवर्तनामागून आवर्तन. त्यातून एक श्वास आला आणि थांबला, कुणाची तरी वाट पाहत. त्याच वेळी तायड्यांच्या जिभेवर एक अख्खी ओळ येऊन उभी राहिली, शब्द, सूर, सगळ्यासकट. ती त्यांनी बांधली नव्हती. तिचा अर्थही त्यांना पाहायचा नव्हता.

त्यांनी मोबाइल बंद केला आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

"काय म्हणल्या ताई?" वच्छलाबाई दारातून विचारत होत्या. उत्तर आलं नाही म्हणून जवळ आल्या, पुढ्यात बसल्या. "अवो, असे काहून पाहून राहिले? बोला ना काई."

जन्मभर बोलण्यावर पोट भरलेला माणूस बायकोकडे नुसता पाहत राहिला. बोलायचं खूप होतं. पण तोंड उघडलं तर त्यातून बोलणंच निघेल, याची त्यांना खात्री नव्हती.